अधःशाखेचे स्नायू आणि घाटवाटा (जुन्नर-आंबेगाव)

मानवी शरीरात नितंबापासून पायाच्या बोटांपर्यंतच्या भागास अधःशाखा म्हणतात. या भागातील स्नायू शरीराचा भार पेलतात, तोल सांभाळतात व शरीर पुढे नेतात. प्रत्येक स्नायूला ठरावीक तंत्रिकेमार्फत मेरुरज्जूकडून आज्ञा मिळते. सपाट जमिनीवर चालताना या स्नायूंची कामे एकमेकांत इतकी मिसळलेली असतात, की ती वेगळी जाणवत नाहीत. चढ, उतार व खडबडीत पायवाट यांवर मात्र प्रत्येक गटाचे काम स्पष्टपणे वेगळे होते. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांना कोकणाशी जोडणाऱ्या घाटवाटांवर निदान दोन हजार वर्षे माणसांची व मालाची ये-जा होत आली. त्यामुळे या वाटांचा इतिहास हा अधःशाखेच्या श्रमांचाही इतिहास ठरतो.

घाटवाटा : जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कडेवर घाटघरजवळ नाणेघाट आहे. तेथून वाट ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाकडे उतरते. त्याच्या दक्षिणेस आंबेगाव तालुक्यातील आहुपे गावावरून उतरणारा आहुपे घाटही मुरबाड तालुक्यातच जातो. आणखी दक्षिणेस भीमाशंकरच्या डोंगरातून कर्जतच्या बाजूला उतरणाऱ्या वाटांपैकी एकीला शिडीघाट असेच नाव आहे. या प्रदेशात पायथा व घाटमाथा यांच्या उंचीत सु. ६०० मी. पेक्षा अधिक फरक पडतो आणि तो थोड्या अंतरात ओलांडावा लागतो.

सातवाहन काळात प्रतिष्ठान (पैठण) येथून जुन्नरमार्गे कल्याण व सोपारा या बंदरांकडे जाणारा व्यापारी मार्ग नाणेघाटातून जात असे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा प्राकृत भाषेतील व ब्राह्मी लिपीतील विख्यात लेख आहे. तो सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानला जातो. कर्नल विल्यम साइक्स याने १८२८ मध्ये तो पाहिला व पुढे विद्वानांच्या नजरेस आणला. लेखात अश्वमेध, राजसूय इ. यज्ञांचा आणि गायी, घोडे, हत्ती, गावे व कार्षापण यांच्या दानांचा तपशील संख्यांसह दिलेला आहे. वाटेच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण असून त्यात जकात टाकली जात असे, अशी परंपरा आहे. जुन्नरच्या परिसरातील लेण्यांची संख्या दोनशेहून अधिक असून तेथील लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आढळतात. दानाचे आकडे व दात्यांच्या श्रेणी अशा रीतीने दगडावर टिकून राहिल्या. परंतु ज्यांच्या पायांवर हा व्यापार चढला-उतरला, त्या भारवाहकांची नावे नाणेघाटाच्या लेखात नाहीत. त्यांच्याविषयी जे सांगता येते, ते बहुतांशी वाटेच्या चढावरून व मानवी शरीराच्या रचनेवरूनच.

फ्रायरचा प्रवास : या दोन तालुक्यांतील घाट एका वैद्याने ओलांडल्याची सतराव्या शतकातील नोंद उपलब्ध आहे. जॉन फ्रायर हा केंब्रिज विद्यापीठाचा वैद्यकाचा पदवीधर इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होता. १६७५ मध्ये जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याने आपल्या घरातील रुग्णासाठी मुंबईच्या इंग्रजांकडे वैद्य मागितला, तेव्हा त्याला पाठविण्यात आले. त्या वेळी कल्याण व घाटाखालील मुलूख छत्रपती शिवाजी महाराजांच्या अमलाखाली होता, तर जुन्नर शहर व शिवनेरी किल्ला मोगलांकडे होता. घाटमाथा ही त्यामुळे दोन सत्तांमधील सीमा झाली होती. फ्रायर भर उन्हाळ्यात निघाला. त्याने चढण चढली ती आहुपे घाटाने, असे मानले जाते. परतताना तो नाणेघाटाने उतरला. पहिली वाट त्याला फार कष्टाची वाटली, दुसरी तुलनेने सुकर. हा वृत्तांत त्याच्या पत्ररूप प्रवासग्रंथात असून तो ग्रंथ १६९८ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला.

फ्रायरच्या पिढीतील वैद्याला पायातील स्नायूंची रचना चांगली माहीत होती. व्हेसेलिअसच्या १५४३ मधील ग्रंथापासून शवविच्छेदनावर आधारलेली चित्रे युरोपात उपलब्ध होती. स्नायू आकुंचन कसे पावतो, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. मेंदूत तयार होणारे सूक्ष्म ‘प्राणद्रव्य’ पोकळ तंत्रिकांमधून स्नायूत उतरते व स्नायू त्यामुळे फुगून आखूड होतो, अशी गेलेनच्या परंपरेतून आलेली समजूत रूढ होती. डच शास्त्रज्ञ स्वामरडाम याने १६६० च्या दशकात बेडकाचा स्नायू काचनळीत ठेवून आकुंचनाच्या वेळी त्याचे घनफळ वाढत नाही, असे दाखविले होते. पण त्या प्रयोगाचा प्रसार फार उशिरा झाला. स्नायू सांध्याच्या अगदी जवळ, म्हणजे आखूड तरफेवर ओढ लावतो व म्हणून त्याला उचललेल्या वजनाच्या अनेक पट बल लावावे लागते, हे बोरेल्ली याने गणिताने मांडले. त्याचा ग्रंथ १६८०-८१ मध्ये, म्हणजे फ्रायर सह्याद्री उतरल्यानंतर काही वर्षांनी, प्रसिद्ध झाला. आहुपेच्या चढणीवर आपल्या पायांत काय चालले आहे, हे सांगण्याची साधने त्या वैद्याजवळ नव्हती.

चढण : चढावर पुढचा पाय उचलण्याचे काम कंबरेच्या मणक्यांपासून व श्रोणीच्या आतील बाजूपासून निघून मांडीच्या हाडाला जोडलेल्या कटि-श्रोणी स्नायूचे असते. त्याला कटिभागातील तंत्रिका व ऊरुतंत्रिका यांच्या शाखा मिळतात. पाऊल वरच्या दगडावर टेकले, की शरीर वर उचलण्याचा मुख्य भार महानितंब स्नायूवर येतो. हा शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी एक असून तो वाकलेला नितंबसांधा सरळ करतो. सपाट रस्त्यावर तो फारसा उपयोगात येत नाही. पायऱ्या चढणे, धावणे व बसलेल्या स्थितीतून उठणे यांसाठी तो अत्यावश्यक असतो. त्याची तंत्रिका म्हणजे अधोनितंब तंत्रिका होय. त्याच वेळी मांडीच्या पुढील बाजूचा चतुःशिरस्क स्नायू गुडघा सरळ करतो. त्याची चार शिरे एकत्र येऊन गुडघ्याच्या वाटीला व तिच्यामार्फत नडगीच्या हाडाला जोडलेली असतात. त्याला ऊरुतंत्रिका मिळते. ही तंत्रिका दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या कटितंत्रिकांपासून बनते व जांघेतून मांडीत उतरते.

शेवटचा रेटा पोटरी देते. पोटरीतील दोन मोठे स्नायू एकाच जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असून ते टाच उचलून शरीर चवड्यावर तोलतात. त्यांना अंतर्जंघा तंत्रिका मिळते. डोक्यावर मोळी किंवा खांद्यावर कावड घेऊन चढणारा मनुष्य कंबरेतून पुढे वाकतो. या वाकण्यामुळे गुरुत्वमध्य टेकलेल्या पावलाच्या वर येतो व गुडघ्यावरील ताणाचा काही भाग महानितंब व मांडीच्या मागील स्नायूंकडे जातो. हे मागील स्नायू नितंब सरळ करतात व गुडघा वाकवितात. त्यांना आसनतंत्रिकेच्या शाखा मिळतात. ही शरीरातील सर्वांत जाड तंत्रिका असून ती चौथ्या कटितंत्रिकेपासून तिसऱ्या त्रिकतंत्रिकेपर्यंतच्या मुळांतून तयार होते.

उतार : चढणीला दम लागतो, तर उताराला गुडघे थरथरतात, हा घाटातील प्रत्येक वाटसरूचा अनुभव आहे. उतरताना चतुःशिरस्क स्नायू आखूड होत नाही. तो ताणला जात असतानाच बल लावतो व शरीराचा भार हळूहळू खालच्या पायरीवर सोडतो. बैलगाडीला उतारावर ब्रेक लावावा, तसे हे काम आहे. नाणेघाटाच्या दगडी पायऱ्या उतरणाऱ्याच्या या स्नायूला प्रत्येक पावलागणिक ते करावे लागते.

अशा कामाला प्राणवायू किती कमी लागतो, हे १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलँड व रिची यांनी एका सोप्या प्रयोगाने दाखविले. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एका व्यक्तीने पायटे पुढे फिरवावयाचे व दुसरीने त्यांना विरोध करावयाचा, अशी योजना होती. दोघांनी लावलेले बल सारखेच असूनही विरोध करणाऱ्या व्यक्तीचा प्राणवायूचा खप फारच कमी आढळला. ताणल्या जाणाऱ्या स्नायूला तेच बल निर्माण करण्यासाठी कमी तंतू वापरावे लागतात, हे त्याचे कारण होय. मात्र त्यामुळे प्रत्येक तंतूवरील ताण वाढतो व काही तंतूंना सूक्ष्म इजा होते. अनभ्यस्त श्रमानंतर एक-दोन दिवसांनी येणारी स्नायूंची ठणक अशा इजेमुळे असावी, असे अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक हफ याने १९०२ मध्येच सुचविले होते. तेच काम पुन्हा केल्यास ठणक बरीच कमी होते. स्नायू थोड्याशा अनुभवानेही बदलतो. घाटात राहणाऱ्यांना उताराची ‘सवय’ असते असे म्हणतात, त्याला असा शारीरिक आधार आहे. बाहेरून आलेल्या प्रवाशाला व रोजच्या भारवाहकाला एकच वाट निरनिराळी भासते, याचे हे एक कारण होय.

तोल : अरुंद वाटेवर प्रत्येक पावलाला क्षणभर सर्व भार एकाच पायावर येतो. त्या वेळी श्रोणी उचललेल्या पायाच्या बाजूला कलू नये म्हणून टेकलेल्या बाजूचे मध्य व लघू नितंब स्नायू ती आडवी धरून ठेवतात. त्यांना ऊर्ध्वनितंब तंत्रिका मिळते. या स्नायूंची तरफ आखूड असल्यामुळे एका पायावर उभे राहिल्यास नितंबसांध्यावरील दाब शरीराच्या वजनाच्या सु. अडीच ते तीन पट होतो. पाठीवर किंवा डोक्यावर ओझे असल्यास तो त्याच प्रमाणात वाढतो. हे स्नायू दुबळे झाल्यास श्रोणी विरुद्ध बाजूला कलते. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्क याने १८९५ मध्ये वर्णिलेली ही खूण आजही तपासणीत वापरतात. मांडीच्या आतील बाजूचे अभिवर्तनी स्नायू पाय मध्यरेषेकडे आणतात. त्यांना गवाक्ष तंत्रिका मिळते.

दगडागोट्यांवर पाऊल आत किंवा बाहेर वळू न देण्याचे काम गुडघ्याखालील स्नायू करतात. नडगीच्या पुढील बाजूचे स्नायू चवडा व बोटे वर उचलतात, तर बाहेरील बाजूचे स्नायू तळवा बाहेरच्या बाजूस वळवितात. या दोन्ही गटांना सामाईक बहिर्जंघा तंत्रिकेच्या शाखा मिळतात. तळव्यातील लहान स्नायू पावलाची कमान राखतात. त्यांना अंतर्जंघा तंत्रिकेच्या दोन शाखा मिळतात. मेरुरज्जूपासून पावलापर्यंतचे अंतर सु. एक मी. असून तंत्रिकेतील संदेश सेकंदाला सु. ५० मी. वेगाने जातो. म्हणून ठेच लागल्यापासून पाय सावरेपर्यंत सेकंदाचा अत्यल्प भागच जातो.

ज्ञानाची वाटचाल : भारतात सुश्रुतसंहितेमध्ये वाहत्या पाण्यात शव ठेवून त्याचे थर क्रमाने पाहण्याची पद्धत सांगितली आहे. तीत शरीरातील पेशींची संख्या ५०० दिली असून त्यांपैकी ४०० हातापायांत, म्हणजे प्रत्येक पायात १००, मानल्या आहेत. ही गणना आधुनिक गणनेशी जुळत नाही. मात्र प्रत्येक पायातील ११ मर्मे सांगताना जांघ, गुडघा, पोटरी, घोटा व तळवा येथील धोक्याच्या जागा नेमक्या हेरलेल्या दिसतात. कंबर व नितंबापासून मांडी, पोटरी व पावलापर्यंत उतरणाऱ्या वेदनेला चरकसंहितेत गृध्रसी म्हटले आहे. आसनतंत्रिकेच्या विकाराला मराठी वैद्यकात हेच नाव आजही वापरतात. तंत्रिका व स्नायू यांचा परस्परसंबंध मात्र या ग्रंथांत स्वतंत्रपणे आलेला नाही.

तो उलगडण्यास १७९१ मध्ये गॅल्व्हानी याच्या बेडकावरील विद्युत् प्रयोगांपासून प्रारंभ झाला. बेल (१८११) व माझांदी (१८२२) यांच्या संशोधनातून मेरुतंत्रिकेचे पुढील मूळ हालचालीचे व मागील मूळ संवेदनेचे असते, हे निश्चित झाले. हेल्महोल्ट्स याने १८५० मध्ये तंत्रिका-संदेशाचा वेग मोजला. फ्रेंच वैद्य द्यूशेन याने त्वचेवरून सौम्य विद्युत् प्रवाह देऊन जिवंत माणसाच्या एकेका स्नायूचे काम पाहिले व १८६७ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. शवावरून केवळ स्नायूची जागा कळत होती. या पद्धतीने त्याचे कार्यही कळू लागले. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये व पुण्यात बी. जे. वैद्यकीय विद्यालय १८७८ मध्ये सुरू झाले आणि हे ज्ञान महाराष्ट्रात पद्धतशीरपणे शिकविले जाऊ लागले. पुण्याच्या विद्यालयाचे १९४६ मध्ये महाविद्यालय झाले.

याच काळात घाटवाटांचे महत्त्व ओसरले. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये व लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाल्यावर देश व कोकण यांमधील अवजड वाहतूक तिकडे वळली. जुन्नरचा व्यापारी मार्ग मागे पडला. घाटमाथ्यावरील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांची पायपीट मात्र थांबली नाही. हिरडा, सरपण, धान्य व बाजारहाट यांसाठी डोंगरवाटांवरील चढउतार त्यांच्या जीवनाचा भाग राहिला.

तंत्रिकाघात : अधःशाखेच्या तंत्रिकांपैकी बहिर्जंघा तंत्रिका सर्वांत असुरक्षित असते. गुडघ्याच्या खाली बाहेरील बाजूस लागणाऱ्या हाडाच्या मानेला वळसा घालताना ती जवळजवळ त्वचेखालीच असते व बोटाने चाचपता येते. तेथे मार लागणे, प्लॅस्टर घट्ट बसणे किंवा खुरपणीसारख्या कामात दीर्घकाळ उकिडवे बसणे यांमुळे ती दबू शकते. तिचा घात झाल्यास चवडा उचलता येत नाही. यास पादपात म्हणतात. असा मनुष्य पाऊल फरफटू नये म्हणून गुडघा अवाजवी उंच उचलून चालतो. सपाट रस्त्यावर हे व्यंग निभावते. दगडी पायऱ्यांच्या घाटात चवडा दर पावलाला अडतो. डोंगरात राहणाऱ्याच्या दृष्टीने केवळ पेन्सिलीएवढ्या जाडीच्या एका तंत्रिकेचा घात म्हणजे बाजार, शेत व रान यांची वाट बंद होणे होय.

या तंत्रिकेचे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे कारण म्हणजे कुष्ठरोग. त्याचे जंतू शरीराच्या थंड, वरवरच्या भागातील तंत्रिकांमध्ये वाढतात व बहिर्जंघा तंत्रिका नेमकी अशा जागी आहे. घोट्यामागील अंतर्जंघा तंत्रिका बाधली, तर तळव्याची संवेदना जाते, काटा रुतलेला कळत नाही व जखमा चिघळतात. पाऊल झडणे हे कुष्ठरोगाचेच लक्षण आहे, असा समज शतकानुशतके होता. बऱ्याच वेळा ते बधिर पावलाला झालेल्या दुर्लक्षित जखमांचे फळ असते, हे पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. स्नायूंची कार्ये व तंत्रिका यांच्या ज्ञानाचा येथे प्रत्यक्ष उपयोग झाला. पादपातात पुढील स्नायू निकामी होतात, पण पोटरीतील खोल स्नायूंना वेगळी तंत्रिका मिळत असल्यामुळे ते शाबूत राहतात. त्यांपैकी एकाची कंडरा पुढच्या बाजूस आणून जोडल्यास रुग्णाला चवडा पुन्हा उचलता येतो. मुंबईत नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांवरील पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया जे. जे. रुग्णालयासारख्या सर्वसाधारण रुग्णालयात केल्या. या रुग्णांना वेगळे ठेवण्याची गरज नाही, हा विचार त्यामुळे बळकट झाला.

पोलिओत इजा वेगळ्या ठिकाणी होते. त्याचे विषाणू तंत्रिकेला नव्हे, तर मेरुरज्जूतील स्नायूंना आज्ञा देणाऱ्या कोशिकांना मारतात. संवेदना शाबूत राहते. चतुःशिरस्क स्नायू गेलेली मुले हाताने मांडी दाबून गुडघा सरळ ठेवून चालत. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओविषाणूचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला व २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. कुष्ठरोगावर १९८० च्या दशकापासून बहु-औषधी उपचार उपलब्ध झाले आणि २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर त्याचे प्रमाण दहा हजारी एकाच्या खाली आले. तथापि महाराष्ट्रात नवे रुग्ण अजूनही आढळतात. तंत्रिकाघात सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड औषधे दिल्यास गेलेली शक्ती पुष्कळदा परत येते; उशीर झाल्यास शस्त्रक्रियेवाचून उपाय राहत नाही. त्याची पहिली तपासणी कोणत्याही उपकरणाविना करता येते. रुग्णाला काही पावले टाचांवर चालावयास सांगतात. ज्याचा एक चवडा खाली पडतो, त्याच्या बहिर्जंघा तंत्रिकेला तत्काळ उपचारांची गरज असते.